झेडपी शाळेच्या व्यवस्थापन समितीवर नवीन आलात? मुलांच्या सुरक्षेसाठी काय काय करायचं

पालकसभेत कोणीतरी तुमचं नाव सुचवलं, चार जणांनी हात वर केले आणि तुम्ही शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य झालात. पण पुढे करायचं काय हे कोणी बसून सांगत नाही, आणि बऱ्याच जणांना वाटतं की १५ ऑगस्ट, २६ जानेवारीला झेंड्याला यायचं आणि रजिस्टर आलं की सही करायची. मी काही वर्षं आमच्या गावच्या शाळेच्या समितीवर होते, अध्यक्ष पण होते, त्यात जे कळलं ते नवीन पालकांसाठी लिहितेय. जिल्हा परिषदेची शाळा धरून लिहिलंय, नगरपालिका-महापालिकेच्या शाळेत अधिकाऱ्यांची पदं वेगळी असतात, बाकी काम तेच.

आधीच एक सांगते, पुढे सगळीकडे तेच येणार आहे. शाळेत जे काही धोक्याचं दिसेल ते लिहून द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलं की सगळे "हो हो करू" म्हणतात आणि पावसाळा येऊन जातो.

हाताशी काय ठेवायचं:
- एक जाड फाईल आणि एक वही, फक्त शाळेच्या कामाची
- समिती स्थापन झाली त्या पालकसभेच्या इतिवृत्ताची झेरॉक्स, ज्यात तुमचं नाव आहे
- शाळेचा यूडायस नंबर (प्रत्येक शाळेला असलेला सरकारी ओळख नंबर), मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी यांचे फोन
- जवळचं पोलीस स्टेशन, प्राथमिक आरोग्य केंद्र, पोलीस पाटील, अंगणवाडी ताई, आशा ताई यांचे नंबर
- १०९८ (मुलांसाठी), ११२ (पोलीस), १०८ (ॲम्ब्युलन्स), हे तीन नंबर तर प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर रंगवूनच घ्या
- फोटो काढता येईल असा मोबाईल

१) आपला अधिकार काय ते आधी समजून घ्या

ही समिती म्हणजे गावाची हौस नाही, कायद्याने आलेली आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम २१ मध्ये समिती आहे, ७५ टक्के सदस्य पालक पाहिजेत आणि निम्म्या बायका पाहिजेत, वंचित गटातल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा पाहिजे. महाराष्ट्रात अध्यक्ष पालकांमधूनच होतो आणि मुख्याध्यापक सचिव असतात. शाळेवर देखरेख ठेवणं, शाळा विकास आराखडा करणं, आलेला पैसा कसा खर्च होतोय ते बघणं हे समितीचं काम आहे, म्हणून कोणी "तुम्हाला काय करायचंय" म्हणालं तर गप्प बसायचं कारण नाही.

इथे एक सापळा आहे. काही ठिकाणी मीटिंग होतच नाही, प्रोसिडिंग बुक घरी येतं आणि "ताई इथे सही करा" म्हणतात. करू नका. नम्रपणे सांगा की मीटिंगला येऊन वाचून करते. तुमच्या सहीखाली "शाळेत स्वच्छतागृह सुस्थितीत आहे" असं लिहिलेलं असू शकतं आणि उद्या काही झालं तर ते वाक्य तुमचंच.

२) पहिल्या पंधरा दिवसात शाळा पायी फिरून बघा

मधल्या सुट्टीत जा, कारण मुलं कुठे कुठे जातात ते तेव्हाच दिसतं. सोबत एखादी दुसरी आई घ्या. मुख्याध्यापकांना आधी सांगून जा, लपूनछपून काही नको, आपण कोणाची चूक पकडायला जात नाही.

सगळ्यात आधी मुलींचं टॉयलेट बघा. बाहेरून रंगवलेलं असतं, "मुली" असं लिहिलेलं असतं, पण आत जाऊन दार लावून बघा. आतली कडी आहे का? आमच्याकडे कडी तुटलेली होती, एक मुलगी आत जायची तेव्हा मैत्रीण बाहेरून दार धरून उभी राहायची, आणि मैत्रीण नसेल त्या दिवशी ती मुलगी जायचीच नाही. त्यामुळे सकाळपासून पाणी न पिणाऱ्या पोरी वर्गात होत्या, हे कोणाला माहीतच नव्हतं कारण कोणी विचारलंच नाही. कडी साध्या हार्डवेअरच्या दुकानात मिळते, ती त्याच आठवड्यात बसली. मग नळाला पाणी आहे का, बादली-मग आहे का, पॅड टाकायला झाकणाचा डबा आहे का, खिडकीतून बाहेरचं कोणी आत बघू शकतं का, हे सगळं बघा. मुलामुलींसाठी वेगळं टॉयलेट आणि पिण्याचं सुरक्षित पाणी हे त्या कायद्याच्या परिशिष्टातच आहे, उपकार नाहीत.

मग पाण्याची टाकी, वर चढून झाकण बघा आणि शेवटची कधी धुतली ते विचारा. परिसरात जुनी विहीर किंवा उघडा खड्डा असेल तर जाळी पाहिजे. विजेच्या बोर्डातून वायरी लोंबतायत का, पावसात भिंतीला हात लावला तर झिणझिण्या येतात का (मुलं हे बरोबर सांगतात, त्यांना विचारा), मैदानावरून तारा गेल्यात का. आग विझवायचं सिलिंडर असेल तर त्यावरची रिफिलची तारीख वाचा. कंपाउंड कुठे पडलंय, संध्याकाळी आत कोण येऊन बसतं, सकाळी बाटल्यांच्या काचा कोण उचलतं, मुलं उचलत असतील तर ते पण लिहा.

साप हा आपल्याकडच्या शाळांचा खरा प्रश्न आहे, विशेषतः शेताला लागून असलेल्या. दगडविटांचा ढीग, मोडकी बाकडी, वाढलेलं गवत काढून टाका. आणि जवळच्या कोणत्या दवाखान्यात सर्पदंशाची लस असते ते आजच विचारून फाईलला लिहून ठेवा. दंश झाल्यावर विचारपूस करण्यात वेळ जायला नको, मांत्रिकाकडे नेण्यात तर नकोच नको.

जे दिसलं त्याचे फोटो आणि तारखेसकट यादी, दोन प्रती. एक मुख्याध्यापकांना, एकीवर त्यांची सही आणि तारीख घेऊन आपल्या फाईलला.

३) धोकादायक खोली असेल तर निर्लेखन (म्हणजे खोली वापरायोग्य नाही असं ठरवून नोंदीतून काढणं आणि पाडणं)

जुन्या कौलारू किंवा गळक्या स्लॅबच्या खोल्या खूप शाळांत आहेत. सळया दिसतायत, स्लॅबचा पोपडा पडतोय, भिंत फुगलीये, अशा खोलीत मूल बसवायचं नाही, इंजिनिअर येईपर्यंत पण नाही. जुलै २०२५ मध्ये राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदी गावात सरकारी शाळेचं छत पडून ७ मुलं गेली. वरून खडे पडतायत असं मुलांनी आधी सांगितलं होतं असं बातम्यांत आलं होतं. म्हणून मूल "बाई वरून माती पडते" म्हणालं की तो विषय त्याच दिवशी घ्या.

करायचं असं. समितीची तातडीची मीटिंग लावा, ठराव करा की अमुक खोली वापरायला बंद करण्यात येत आहे आणि निर्लेखनाचा प्रस्ताव पाठवण्यात येत आहे. खोलीला कुलूप लावा आणि बाहेरून दोरी बांधा, कारण मुलं व्हरांड्यात खेळतात. ठरावाची प्रत फोटोसकट मुख्याध्यापकांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, तिथून बांधकाम विभागाकडे जाते, इंजिनिअर पाहणी करतात आणि मग पाडायची परवानगी आणि नवीन खोलीचा विषय निघतो. याला वेळ लागतो, खूप लागतो, आणि मध्येच कागद कुठल्या टेबलावर आहे ते कोणालाच सांगता येत नाही, म्हणून पंचायत समितीत गेलात की आवक क्रमांक (कागद आल्याची त्यांच्या रजिस्टरमधली नोंद) लिहून घ्या. नंबर असेल तर शोधता येतं. तोपर्यंत मुलं समाजमंदिरात, ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये किंवा दोन सत्रात बसवता येतात, गाव यात मदत करतं असा माझा अनुभव आहे. २००९ साली अविनाश मेहरोत्रा खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळा येते. अर्जात हे एक वाक्य घाला.

४) पोषण आहार

जुलै २०१३ मध्ये बिहारमधल्या गंडामन गावच्या सरकारी शाळेत दुपारचं जेवण जेवून २३ मुलं गेली, स्वयंपाकात कीटकनाशक मिसळलं होतं. म्हणून माझं पहिलं सांगणं, शाळेच्या किचनशेडमध्ये किंवा धान्याच्या खोलीत फवारणीचं काही, फिनेल, चुना, रिकामा औषधाचा डबा सुद्धा नको. तेल नेहमी सीलबंद.

मुलांना वाढायच्या आधी शिक्षक आणि एका पालकाने चव घेऊन रजिस्टरला नोंद करायची असते. पालकांची पाळी लावा, वाराप्रमाणे नावं लिहून भिंतीवर चिकटवा. थोडा नमुना झाकणाच्या डब्यात दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवायला सांगा. आणि स्वयंपाक करणाऱ्या ताईंशी नीट बोला, त्यांना मानधन किती कमी आणि किती उशिरा मिळतं ते बघा, शाळेत कोणतं पोर जेवत नाही, कोण डबल मागतं, म्हणजे कोणाच्या घरी काय चाललंय हे त्यांना सगळ्यात आधी कळतं.

५) शाळेत कोण येतं आणि मूल घरी कोणाबरोबर जातं

भेट रजिस्टर ठेवा आणि ते खरंच भरलं जातं का बघा. दुपारी मधेच मूल न्यायला कोणी आलं तर आईवडिलांना फोन केल्याशिवाय सोडायचं नाही, काका असो की मामा. गैरहजर मुलाच्या घरी सकाळच्या पहिल्या तासातच फोन गेला पाहिजे, कारण मूल घरून निघालं आणि शाळेत पोचलंच नाही हे संध्याकाळी कळून उपयोग नाही. यासाठी आम्ही वर्गवार पालकांचे दोन दोन नंबर घेतले, एक बंद असेल तर दुसरा. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्यानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये शासनाने सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी याबद्दल सूचना काढल्या. कॅमेरा असेल तर तो चालू आहे का आणि रेकॉर्डिंग किती दिवस राहतं ते महिन्याला एकदा बघा. पण नुसत्या कॅमेऱ्यावर सोडू नका, टॉयलेटच्या मागची बाजू आणि शाळेची वाट तो दाखवत नाही.

६) तक्रारपेटी आणि सखी सावित्री समिती

तक्रारपेटी बहुतेक शाळांत ऑफिसच्या दाराशी टांगलेली असते. तिथे चिठ्ठी टाकताना सगळे बघतात, म्हणून ती रिकामी राहते, आणि मग सगळे म्हणतात आमच्याकडे तक्रारच नाही. पेटी मुलं एकटी जातात अशा जागी लावा, पण अंधाऱ्या कोपऱ्यात नको. उंची पहिलीच्या मुलाचा हात पोचेल एवढी. दर आठवड्याला पालक प्रतिनिधी समोर असताना उघडा, चिठ्ठी आली नाही तरी तशी नोंद करा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांना सांगा की चित्र काढून टाका.

सखी सावित्री समिती म्हणजे मुलामुलींच्या, विशेषतः मुलींच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असायची समिती, तिचा शासन निर्णय मार्च २०२२ चा आहे. तुमच्या शाळेत ती कागदावर असेलच. त्यात महिला शिक्षक, महिला पालक, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील आणि मुलामुलींचे प्रतिनिधी पण असतात. शेवटची मीटिंग कधी झाली ते विचारा, आणि मुलांच्या प्रतिनिधींना आपण त्यात आहोत हे माहीत आहे का ते त्यांनाच विचारा.

७) मुलाने काही सांगितलं तर

हे नीट वाचा. मूल सहसा सरळ सांगत नाही. "मला त्या सरांच्या वर्गात नाही बसायचं", "मी उद्यापासून येणार नाही", पोट दुखतं, अंथरूण ओलं होतं, अशा गोष्टीतून निघतं. सांगितलं तर शांतपणे ऐका. "खरं सांग हं", "आधी का नाही बोललीस", "तू तिथे गेलीसच कशाला" यातलं एकही वाक्य तोंडातून जाता कामा नये. सारखं सारखं खोदून विचारू नका, पाच जणांसमोर वदवून घेऊ नका, ज्याच्यावर आरोप आहे त्याच्यासमोर तर अजिबात उभं करू नका. "बरं केलंस सांगितलंस, तुझी काही चूक नाही" एवढं बोला. मूल जे शब्द वापरेल ते तसेच वहीत लिहा, तारीख-वेळ टाका. अंगावरचे कपडे धुऊ नका.

मग पोलीस. लैंगिक अत्याचाराचा विषय असेल तर पोक्सो कायदा लागतो, २०१२ चा. कलम १९ प्रमाणे ज्याला माहिती मिळाली त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे, तुम्ही, शिक्षक, मुख्याध्यापक, सगळे. न कळवणं हाच गुन्हा आहे, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचं लपवलं तर एक वर्षापर्यंत. म्हणजे "आधी आपण शाळेत चौकशी करू, मग बघू" याला जागाच नाही. शाळेची चौकशी नंतर होत राहील.

सगळ्यात मोठा सापळा इथे आहे. गावातली चार मोठी माणसं येतात, "पोरीचं नाव खराब होईल, शाळा बंद पडेल, मास्तरची बदली करून टाकू आणि मिटवू" म्हणतात. मिटवायचं नाही. बदली केली तर तो माणूस दुसऱ्या गावच्या पोरांसमोर जाऊन उभा राहतो. आणि "उद्या खोटं निघालं तर आपण अडकू" ही भीती घातली जाते, त्याचं उत्तर त्याच कायद्यात आहे, चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर कारवाई होत नाही.

पोलीस स्टेशनला जाताना मुलाचे हक्क माहीत असू द्या:
- जबाब मुलाच्या घरी किंवा मूल म्हणेल तिथे घेता येतो, शक्यतो महिला पोलीस उपनिरीक्षकाने, आणि तेव्हा पोलीस गणवेशात नसावेत
- आईवडील किंवा मुलाच्या विश्वासाचं माणूस सोबत पाहिजे
- मुलाला रात्री पोलीस स्टेशनात ठेवता येत नाही
- मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करणार
- पोलिसांनी २४ तासात बालकल्याण समितीला (मुलांच्या संरक्षणाचे निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) कळवायचं असतं
- एफआयआरची प्रत फुकट मिळते, आणि "आमची हद्द नाही" सांगून परत पाठवता येत नाही, झिरो एफआयआर घ्यावाच लागतो

कोणी घेत नसेल तर तिथूनच १०९८ ला फोन लावा. मुलाचं नाव, फोटो, शाळेचं नाव व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, संतापाने सुद्धा नाही, ओळख उघड करणं गुन्हा आहे आणि त्या पोराला त्याच गावात राहायचंय.

नंतरचं पण काम आहे. त्या मुलाच्या शेजारी कोण बसणार, मधल्या सुट्टीत कोण लक्ष ठेवणार, घरच्यांना कोर्टाच्या तारखेला कोण सोबत जाणार. सहाय्यक व्यक्ती, म्हणजे केस चालू असताना मुलाला आणि घरच्यांना मदत करणारं माणूस, मागता येते, बालकल्याण समिती ती नेमून देते, मागून घ्या. मनावर ताण असेल तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं.

८) मारणं आणि चिडवणं

शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ सांगतं की शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी. छडी, उन्हात उभं करणं, कोंबडा करणं, आणि जातीवरून किंवा घरच्या गरिबीवरून बोलणं, हे सगळं त्यात येतं. "आम्ही पण मार खाऊनच शिकलो" असं पालकच म्हणतात, त्यांच्याशी पालकसभेत मोकळं बोला. शिक्षकांशी पहिलं बोलणं एकटं आणि शांतपणे करा, बरेच शिक्षक एका बोलण्यात ऐकतात, दोन दोन वर्ग एकट्याने सांभाळताना चिडचिड होते हे पण खरंय. तसं असेल तर शिक्षक कमी असल्याचा ठराव पण वर पाठवा. पुन्हा झालं तर लेखी.

९) शाळेतून गळणारी मुलं

शाळेत नसलेलं मूल सगळ्यात असुरक्षित. ऊसतोडीला जाणारी घरं दसऱ्या-दिवाळीच्या आसपास निघतात, त्याच्या आधीच यादी करा. आजीआजोबांकडे मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव समितीमार्फत जातो, तो वेळेत पाठवला नाही तर मुलं फडावर जातात. जाणाऱ्या मुलांना शिक्षण हमी पत्रक द्यायला सांगा म्हणजे तिकडच्या शाळेत बसता येतं. दाखला उशिरा मिळाला म्हणून कोणतीही सरकारी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही.

सातवी-आठवीतली मुलगी अचानक यायची थांबली तर घरी जाऊन या. लग्नाची बोलणी चालू असतील तर ग्रामसेवक हेच गावातले बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहेत, त्यांना लेखी कळवा आणि १०९८ ला पण, तिथे तुमचं नाव सांगितलंच पाहिजे असं नाही. अपंग मुलासाठी रॅम्प, यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) आणि तालुक्याच्या गटसाधन केंद्रातले विशेष शिक्षक, या तिन्हीची चौकशी एकदमच करा.

१०) दाद लागत नसेल तर

क्रम असा: मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी आणि मुख्य कार्यकारी अधिकारी. कलम ३२ खाली तक्रार दिली तर तीन महिन्यात निर्णय द्यायचा असतो, अर्जात कलमाचा नंबर लिहाच. त्यानंतर महाराष्ट्र राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. अर्जाचं काय झालं हे कळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका, १० रुपये लागतात आणि ३० दिवसात उत्तर यावं लागतं. पोक्सोच्या बाबतीत मात्र हा क्रम नाही, तिथे पहिलं पोलीस.

समितीची मुदत दोन वर्षांची असते. संपली की फाईल घरी ठेवू नका, अर्धवट अर्जांची यादी, आवक क्रमांक आणि पुढची तारीख एका कागदावर लिहून नव्या सदस्यांच्या हातात द्या, आणि निर्लेखनाचा विषय चालू असेल तर एकदा त्यांना सोबत घेऊन पंचायत समितीत ते टेबल दाखवून या.